उसन्या शब्दांची चव

साहित्याला वाहिलेल्या मासिकांत मद्याची चर्चा कशासाठीं, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत उद्भवेल, आणि तो रास्तच आहे. परंतु ज्या शास्त्राच्या आधारें आपण काव्याची परीक्षा करतों, त्याची परिभाषाच मुळीं जिभेवरून उचललेली आहे, ही गोष्ट आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं. रस, रुचि, आस्वाद, चर्वणा, गोडी, हे सारे शब्द जेवणाच्या पाटावरून उठून विद्वानांच्या सभेंत येऊन बसले आहेत. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत रस म्हणजे काय हें सांगतांना भरतानें नाना व्यंजनांनीं युक्त असें अन्न प्रसन्न चित्तानें चाखणाऱ्या माणसाचाच दृष्टान्त घेतला आहे; आणि पुढच्या आलंकारिकांनीं रसाची अखंडता समजावून देण्यासाठीं जो पानकरसन्याय योजिला, तो तर सरळ एका पेयाचाच आहे. निरनिराळे पदार्थ एकत्र कालवून पन्ह्यासारखें पेय सिद्ध होतें, आणि तें पितांना एकेका पदार्थाची नव्हे, तर त्या सर्वांहून निराळ्या अशा एका चवीची प्रतीति येते, हा त्या न्यायाचा आशय. तेव्हां पेयाच्या परीक्षेपासून काव्यपरीक्षेला कांहीं शिकतां आलें, तर त्यांत नवल मानण्याचें कारण नाहीं.

गेल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्रांत एक नवा रसिक उदयास आला आहे. तो म्हणजे वाइनचा हौशी परीक्षक. तो नाशिकच्या द्राक्षमळ्यांची वारी करतो, पेला उजेडाकडे तिरपा धरून रंग पाहतो, पेल्याशीं नाक नेऊन वास घेतो, घोट तोंडांत घोळवितो, आणि मग आपल्याला काय सांपडलें याचें टिपण करून ठेवतो. नवी जात, नवा मळा, नवें साल, अशी प्रत्येक खरेदी त्याला लहानसा शोध वाटते. मीही गेलीं कांहीं वर्षें या पंथांतला एक उमेदवार आहें, आणि बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांत राहून हा छंद करणें म्हणजे काय, याची मला थोडीबहुत कल्पना आहे. परंतु येथें त्या छंदाचें समर्थन करण्याचा माझा हेतु नाहीं. या छंदांत जो शोध लागल्यासारखा वाटतो तो खरोखर शोध असतो काय, आणि असल्यास तो शोधणाऱ्याचा स्वतःचा असतो काय, एवढाच प्रश्न मला तपासावयाचा आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करणें अवश्य आहे. वाइन ही दारू आहे. जानेवारी २०२२ मध्यें राज्याच्या मंत्रिमंडळानें मोठ्या सुपरमार्केटांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय केला, तेव्हां उठलेल्या वादांत 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असें वाक्य वारंवार ऐकूं आलें. द्राक्षबागाईतदारांच्या हिताचा मुद्दा निराळा, आणि तो विचारार्ह आहे. पण हा शब्दांचा खेळ प्रामाणिक नव्हे. साध्या वाइनींत मद्यार्काचें प्रमाण सामान्यतः शेंकडा १२ ते १४ असतें आणि आपल्याकडील व्हिस्कींत तें शेंकडा ४२ च्या वर असतें. भेद प्रमाणाचा आहे, जातीचा नाहीं. थोडी वाइन प्रकृतीला हितकर, असें एके काळीं सांगण्यांत येत असे. परंतु जानेवारी २०२३ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें मद्याचें कोणतेंही प्रमाण निर्धोक म्हणतां येत नाहीं, असें स्वच्छ सांगून टाकलें. आमच्या भागांत दारूनें मोडलेलें घर दाखविण्यासाठीं फार लांब जावें लागत नाहीं. आणि ज्या माउलीनें तें दुःख उंबऱ्याच्या आंत भोगलें, तिच्यापुढें वाइनच्या आरोग्यदायी गुणांचें व्याख्यान देण्याचा अधिकार कोणालाही नाहीं.

मग या छंदाच्या बाजूनें बोलण्यासारखें उरतें काय? उरते ती केवळ चव. धंद्यानें जो चव पारखतो, तो घोट तोंडांत घोळवून थुंकून टाकतो, गिळीत नाहीं. कारण दुसऱ्या-तिसऱ्या पेल्यानंतर नशा शिल्लक राहते, चव राहत नाहीं. तेव्हां या व्यासंगाला कांहीं प्रतिष्ठा असलीच, तर ती पिण्यामुळें नव्हे, पारखण्यामुळें आहे. आणि पारख ही शब्दांवांचून होत नाहीं. वास तर क्षणांत विरून जाणारी वस्तु आहे. त्याला नांव दिलें तरच दुसऱ्या दिवशीं तो ओळखतां येतो, तिसऱ्याला सांगतां येतो, आणि चौथ्यानें तो खोटाही ठरवितां येतो. म्हणून माझ्या मतें हा सारा प्रश्न अखेर भाषेचा प्रश्न आहे. आणि तेथेंच आपला हा नवा रसिक उघडा पडतो.

द्राक्षाच्या मद्याला नांव कसें द्यावें, हा प्रश्न आपल्या देशांत आजकालचा नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें एक प्रकरण आहे. त्यांत द्राक्षाच्या रसापासून होणाऱ्या मद्याला 'मधु' म्हटलें असून, ज्या प्रदेशांत तें होतें त्या प्रदेशावरून त्याला कापिशायन आणि हारहूरक अशीं नांवें पडतात, असें सांगितलें आहे. कापिशी हें आजच्या अफगाणिस्तानांतील प्राचीन नगर. पाणिनीलाही हें नगर ठाऊक होतें. 'कापिशायन' हा शब्द साधण्यापुरतें त्यानें एक स्वतंत्र सूत्रच करून ठेविलें, आणि काशिकाकारांनीं त्याचें उदाहरण दिलें तें तेथील मधूचें आणि तेथील द्राक्षांचें. पदार्थाचें नांव त्याच्या भूमीवरून घ्यावें हा विवेक फ्रान्सनें जगाला शिकविला अशी समजूत आहे. पण आपल्या व्याकरणानें तो फार पूर्वीं सूत्रबद्ध करून ठेविला होता. 'नाशिक व्हॅली वाइन' या नांवाला २०१० च्या सुमारास भौगोलिक निर्देशाचें संरक्षण मिळालें, तेव्हां एका अर्थीं पाणिनीच्याच सूत्राचा कायदा झाला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

महाराष्ट्रांतील या उद्योगाचा अलीकडचा इतिहास थोडक्यांत सांगतां येतो. १९८० नंतरच्या दशकांत श्यामराव चौगुले यांनीं पुणें जिल्ह्यांत नारायणगांवला फेसाळ वाइन काढली, आणि ती 'ओमर खय्याम' या नांवानें परदेशींही गेली. राजीव सामंत यांच्या 'सुला'ची पहिली वाइन २००० सालीं नाशिकहून बाजारांत आली. २००१ सालीं राज्यानें द्राक्षप्रक्रिया-उद्योगाचें स्वतंत्र धोरण जाहीर केलें, आणि त्यानंतर नाशिकच्या आसपास वाइनचे कारखाने भराभर उभे राहिले. सोलापूर जिल्ह्यांत अकलूजच्या बाजूला सांजोव्हेसेसारखी इटलीची जातही रुजली. जुन्या जगाचे द्राक्षमळे बहुतेक तीस ते पन्नास अक्षांशांच्या पट्ट्यांत आहेत. आपलें नाशिक विसाव्या अक्षांशावर आहे. येथें वेलीला हिंवाळ्याची गाढ झोंप मिळत नाहीं. ती उणीव आपला शेतकरी छाटणीनें भरून काढतो. उन्हाळ्याच्या तोंडीं खरड छाटणी, पावसाळा सरतांना गोडी छाटणी, आणि मग जानेवारी ते मार्चच्या दरम्यान तोड, असें त्याचें वर्ष आहे.

'खरड छाटणी' आणि 'गोडी छाटणी' हे शब्द मीं मुद्दाम योजिले. ते कोणत्याही पुस्तकांतून भाषांतरून आलेले नाहींत. विलायती वेल इकडच्या मातींत लावतांना जी नवी गोष्ट करावी लागली, तिला शेतकऱ्यानें आपल्या तोंडच्या शब्दांत नांव दिलें. खाण्याच्या द्राक्षांतही असेंच घडलें. थॉम्पसन सीडलेस ही परकी जात येथें आली; पण सांगली जिल्ह्यांत तासगांवच्या बाजूला एका बागाईतदाराच्या नजरेला तिच्याच वेलींतून एक निराळी फांदी पडली, आणि 'तास-ए-गणेश' निघाली; सोलापूर जिल्ह्यांत नान्नजला 'सोनाका' निघाली. हे खरे शोध. त्यांत पाहणारा डोळा आपला, पारखणारी जीभ आपली, आणि नांवही आपलें. शेतांत मराठी आहे, बागेंत मराठी आहे, कारखान्याच्या दारापर्यंत ट्रॅक्टरवरून क्रेट येतात तोंवर मराठी आहे. मात्र तो रस बाटलींत भरला गेला आणि बाटलीला कागद चिकटला, कीं तेथून पुढें मराठीचा एकही शब्द दिसत नाहीं. ज्या मातींत द्राक्ष पिकलें, त्या मातीची भाषा त्या द्राक्षाच्या चवीविषयीं बोलण्यास नालायक ठरली, असेंच जणूं तो कागद सांगतो.

आतां त्या कागदावर काय असतें तें पाहूं. सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या जातीच्या वाइनीला 'गूजबेरी'चा वास असतो, असें इंग्रजी पुस्तकें सांगतात, आणि नाशिकच्या बाटल्यांचीं वर्णनें तोच शब्द गिरवितात. ज्या इंग्रज माणसानें हा शब्द प्रथम योजिला, त्याच्या परसांत गूजबेरीचें झुडूप होतें. लहानपणीं त्यानें तीं हिरवीं, आंबट फळें तोडून खाल्लीं होतीं. त्याच्यापुरतें तें वर्णन सच्चें होतें. पण बीडचा किंवा नाशिकचा वाचक तो शब्द वाचतो तेव्हां त्याच्या मनापुढें काय उभें राहतें? कोशाच्या आधारें त्याला आंवळाही आठवेल, कारण इंग्रज त्याला 'हिंदी गूजबेरी' म्हणतो. रसभरीही आठवेल, कारण तिला तो 'केपची गूजबेरी' म्हणतो. आंवळ्याचा तुरटपणा, रसभरीचा गोडवा आणि मूळ इंग्रजी फळ, या तिन्ही वस्तु एकमेकींच्या कोणी लागत नाहींत. तरीही आपला रसिक टिपणवहींत 'गूजबेरी' असें लिहितो आणि समाधान पावतो. त्यानें वास घेतला नाहीं. वासाविषयींचें वाक्य घेतलें. हा शोध नव्हे, ही उतारा उतरवून घेण्याची क्रिया आहे, आणि वर्गांत बसून ती करणारीं मुलें मीं तीस वर्षें पाहत आलों आहें.

उसन्या शब्दांवर चालणारी जीभ किती सहज फसते, याचे दाखले विलायतेंतच मिळतात. फ्रान्समध्यें बोर्दोच्या विद्यापीठांत वाइनचेंच शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००१ सालीं प्रसिद्ध झाला. पांढऱ्या वाइनींत वासहीन तांबडा रंग मिसळून ती त्यांच्यापुढें ठेविली, तेव्हां त्यांनीं तिचें वर्णन तांबड्या वाइनीच्या ठराविक शब्दांत केलें. नाक सांगत होतें एक, डोळा सांगत होता दुसरें, आणि लेखणी डोळ्याच्या आज्ञेंत होती. कॅलिफोर्नियांत झालेल्या आणि २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत एकच वाइन एकदां दहा डॉलरची आणि एकदां नव्वद डॉलरची म्हणून चाखावयास दिली. महाग म्हणून दिलेली अधिक आवडली, इतकेंच नव्हे, तर मेंदूंतील सुखाशीं निगडित असा भागही अधिक चेतलेला दिसला. म्हणजे किमतीचा कागद केवळ खिशावर नव्हे, जिभेवरही परिणाम करतो. याच्या उलट, २४ मे १९७६ या दिवशीं पॅरिसमध्यें स्टीव्हन स्पुरियर या इंग्रज व्यापाऱ्यानें बाटल्यांचीं नांवें झांकून फ्रेंच परीक्षकांपुढें फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइनी ठेविल्या, तेव्हां पांढऱ्या आणि तांबड्या दोन्हींत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियानें पटकाविला. नांव झांकल्याबरोबर जीभ स्वतंत्र झाली.

रुचीला गुलाम करणारी आणखी एक वस्तु म्हणजे गुण. १९७८ सालीं रॉबर्ट पार्कर या अमेरिकन परीक्षकानें आपलें नियतकालिक सुरू केलें, आणि वाइनला शंभरांपैकीं गुण देण्याची त्याची पद्धति जगभर पसरली. नव्वदाच्या वर गुण पडले कीं माल हातोहात खपतो, एकोणनव्वद पडले कीं फळीवर राहतो. उत्तरपत्रिका तपासण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला एकोणनव्वद आणि नव्वद यांमधील अंतर किती पोकळ असतें हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. पार्करची स्वतःची जीभ तरबेज होती, यांत शंका नाहीं. दोष त्याच्या जिभेचा नाहीं, तिच्या मागें लागून स्वतःची जीभ गहाण टाकणाऱ्यांचा आहे.

मग आपल्याजवळ आहे तरी काय? मीं माझ्या टिपणवहींतून परके शब्द वगळावयाचें ठरविलें, तेव्हां पहिल्यांदा वाटलें कीं पान कोरेंच राहील. प्रत्यक्षांत उलट झालें. तांबड्या वाइनींत टॅनिन नांवाचें जें द्रव्य असतें, त्यानें जीभ ओढल्यासारखी होते. पाश्चात्यांच्या जुन्या गणनेंत गोड, आंबट, खारट आणि कडू अशा चारच चवी होत्या. त्यामुळें ही पांचवी गोष्ट काय आहे हें समजावून देतांना तिकडच्या ग्रंथकारांना ती चव नव्हे, स्पर्श आहे, असा खुलासा करीत बसावें लागतें. आपल्या षड्रसांत मात्र कषाय रसाला पूर्वींपासून मानाचें पान आहे, आणि 'तुरट' हा शब्द शाळेंत न गेलेल्या मुलालाही येतो. कच्चें जांभूळ, हिरडा, सुपारी, कच्चें केळें, असे तुरटपणाचे निरनिराळे नमुने त्याच्या तोंडांत आधींच तयार असतात. कॅबर्ने सोव्हिन्यों आणि शिराझ यांच्या तुरटपणांतील भेद मला इंग्रजी पुस्तकानें नव्हे, या नमुन्यांनीं शिकविला.

शिराझमध्यें मिऱ्यांचा वास येतो असें म्हणतात. ही उपमा नव्हे. ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञांनीं २००८ सालीं दाखवून दिलें कीं रोटंडोन नांवाचें जें द्रव्य मिऱ्यांत असतें, तेंच या द्राक्षांतही असतें. मग मिरें तर आपल्याच मलबारचें! सोव्हिन्यों ब्लां मध्यें कधीं कधीं ढोबळ्या मिरचीचा हिरवा वास येतो, तोही दोहोंमधील एकाच वर्गाच्या द्रव्यांमुळें. त्याच वाइनींत आढळणारीं गंधकयुक्त द्रव्यें पेरूंतही सांपडतात. म्हणून जेथें इंग्रज 'गूजबेरी' लिहितो, तेथें आपण निःशंकपणें 'पिकत आलेला पेरू' असें लिहावें. तें भाषांतर नव्हे, साक्ष आहे. ओकच्या पिंपांत मुरविलेल्या वाइनीला ओल्या खोबऱ्याचा वास येतो, कारण त्या लांकडांतल्या एका द्रव्याचा वासच खोबऱ्यासारखा आहे. बिघडलेल्या बुचामुळें नासलेल्या वाइनीचें वर्णन इंग्रजी ग्रंथ 'भिजलेला पुठ्ठा' असें करतात. मराठींत त्यासाठीं 'कुबट' हा एकच शब्द पुरे. आंबूस, करपट, खवट, उग्र, उतरलेलें, अशी आपल्या स्वयंपाकघरांतली दोषपरिभाषा इतकी समृद्ध आहे, कीं तिचा नुसता उपयोग केला तरी निम्मी परीक्षा होऊन जाते. ही परिभाषा बहुतेक बायकांनीं घडविली आणि सांभाळली. पुरुषांनीं चालविलेल्या या नव्या शोकाला ती आठवली नाहीं, हेंही ओघानें नमूद केलें पाहिजे.

खरेदीच्या बाबतींतही हाच नियम आहे. बाटलीवरचें साल पाहून घ्यावें, हें सर्व पुस्तकें सांगतात. पण युरोपांत तोड सप्टेंबर-ऑक्टोबरांत होते आणि आपल्याकडे जानेवारी-मार्चांत, म्हणून एकाच सालाची नाशिकची वाइन युरोपांतल्या वाइनीहून सहासात महिन्यांनीं वडील असते, हें परदेशीं पुस्तक आपल्याला सांगणार नाहीं. हलकी पांढरी वाइन ताजी घ्यावी. जुनी म्हणजे चांगली हा समज तिला लागूं पडत नाहीं. फिरकीचें झांकण म्हणजे हलका माल, हाही असाच एक पोकळ समज. उलट आमच्या हवेंत तेंच बरें, कारण बूच सुकण्याची भीति राहत नाहीं. आणि सर्वांत मोठी गोष्ट उन्हाची. बीडला उन्हाळ्यांत पारा चाळिशीच्या पुढें जातो. दुकानाच्या दर्शनी कांचेंत, व्हिस्कीच्या रांगेशेजारीं, दिवसभर ऊन खात उभी असलेली बाटली कितीही नामांकित असो, ती उतरलेली असणारच. दुकानदाराला नांव विचारूं नये. बाटली कोठें आणि किती दिवस ठेविली होती हें विचारावें. आम्हीं चारसहा मित्रांनीं बाटल्या कागदांत गुंडाळून चाखण्याचा परिपाठ ठेविला आहे. त्यांत पुष्कळदां स्वस्त बाटली महागडीच्या पुढें जाते. आणि कधीं कधीं तींच दोन नांवें महिन्याभरानें ठेविलीं तर निकाल फिरतो. दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षां अधिक बोधप्रद वाटते. रुचि ही निकालपत्र नव्हे. ती पुन्हां पुन्हां करावयाची परीक्षा आहे.

कोणी म्हणेल, वाइन आमची नव्हे, मग तिच्यासाठीं मराठी रुचि कोठून आणावी? याचें उत्तर मला आमच्या बाजारांतच मिळतें. बालाघाटच्या डोंगरांत, धारूरच्या बाजूला, सीताफळ आपोआप वाढतें. २०१६ सालीं बीडच्या सीताफळालाही भौगोलिक निर्देशाचें संरक्षण मिळालें. दिवाळीच्या मागेंपुढें टोपली घेऊन बसणाऱ्या बाईपाशीं दोन घटका उभें राहावें. फळाचे डोळे उघडले आहेत कीं नाहींत, डोळ्यांमधली भेग दुधाळ झाली आहे कीं अजून हिरवी आहे, आज खाण्याचें कोणतें आणि परवां खाण्याचें कोणतें, गर रवाळ निघेल कीं पाणचट, हें ती हातांत फळ घेऊन सांगते. तिच्यापाशीं गुणांचा तक्ता नाहीं. पण तिचा शब्द परवां घरीं फळ फोडल्यावर खरा ठरतो. हिंवाळ्यांत हुरड्याच्या आगटीभोंवतीं बसलेला शेतकरी गूळभेंडीचा हुरडा आणि साध्या ज्वारीचा हुरडा डोळे मिटून ओळखतो. ही टीकाच आहे. तिच्यांत निरीक्षण आहे, तुलना आहे, परिभाषा आहे, आणि निर्णयाची जबाबदारीही आहे. आपल्या नव्या रसिकाला जें बोर्दोच्या ग्रंथांत शोधावें लागतें, तें त्याच्या आजीच्या पदरीं होतें.

येथें एक आक्षेप विचारांत घेतला पाहिजे. सर्व जगांतले परीक्षक एकच परिभाषा वापरतात म्हणून तर नाशिकची वाइन आणि चिलीची वाइन यांची तुलना होऊं शकते; प्रत्येकानें आपल्या परसांतले शब्द काढले तर व्यवहार कसा चालावा? आक्षेपांत तथ्य आहे. व्यापाराला समान मापें लागतात. साखरेचें प्रमाण, आम्लता, मद्यार्काचा अंश हीं सर्वांचीं एकच असावीं, आणि आहेतही. परंतु माप आणि रुचि या दोन गोष्टी आहेत. शिवाय परका शब्द घेणें हाही दोष नव्हे. तो घेऊन पुढें कांहींच न करणें हा दोष. केशवसुतांनीं इंग्रजीतून सॉनेट मराठींत आणलें. तें केवळ चौदा ओळींचा नमुना म्हणून राहतें तर आज त्याची आठवणही उरली नसती. त्यांत मराठी वृत्तें आलीं, मराठी मन आलें, पुढें त्याला 'सुनीत' हें नांवही रूढ झालें, आणि तें आपलें झालें. उसनें घ्यावें, पण तें आपल्या घरीं दळून, शिजवून, पचवावें, एवढेंच मागणें आहे.

आणि हें मागणें केवळ वाइनच्या शोकिनापाशीं नाहीं. त्याच्या टिपणवहीला हसण्यापूर्वीं आपण साहित्यटीकाकारांनीं आपल्या वह्या उघडून पाहाव्या. 'उत्कट', 'तरल', 'अंतर्मुख', 'मानवी अस्तित्वाचा वेध घेणारें', हे शब्द कोणत्याही कवितासंग्रहावर, त्यांतील एकही कविता न वाचतां, चिकटवितां येतात. जसे 'संतुलित', 'मुलायम' आणि 'शेवट दीर्घकाळ रेंगाळणारा' हे शब्द कोणत्याही बाटलीवर चिकटवितां येतात. नामांकित प्रकाशनाचा शिक्का पाहून आपली वाणी मृदु होते. पारितोषिक जाहीर झालें कीं पुस्तकांत कालपर्यंत न दिसलेले गुण दिसूं लागतात. पांढऱ्या वाइनींत तांबडा रंग घातला म्हणजे फसणारे ते ५४ विद्यार्थी आपल्याहून फार निराळे नव्हते. वाचकानें पुस्तक विकत घ्यावें कीं नाहीं हें ज्याच्या शब्दावर ठरतें, त्याच्या शब्दाची सीताफळवालीच्या शब्दाइतकी तरी किंमत असावी, अशी अपेक्षा करणें गैरवाजवी नाहीं. घरीं जाऊन फळ फोडल्यावर तो खरा ठरला पाहिजे.

आमच्या जिल्ह्यांत अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधि दाखवितात. परंपरा सांगते कीं वेदान्तासारखा सूक्ष्म विषय, जो तोंवर संस्कृतावांचून बोलतां येत नाहीं असें मानीत, तो त्यांनीं विवेकसिंधूंत मराठींत मांडला. ज्या भाषेला ब्रह्माचें वर्णन झेपलें, तिला पेल्यांतल्या वासाचें वर्णन झेपणार नाहीं, हें म्हणणें भाषेच्या दारिद्र्याचें लक्षण नसून बोलणाऱ्याच्या आळसाचें आहे. म्हणून या छंदाच्या उमेदवारांना माझें सांगणें इतकेंच: थोडें चाखा, शुद्धीवर राहून चाखा, बाटलीवरचा कागद वाचण्यापूर्वीं आपली दोन ओळींची नोंद करा, आणि तींत असा एकही शब्द लिहूं नका ज्याची वस्तु तुम्हीं स्वतः हातांत धरलेली, हुंगलेली किंवा खाल्लेली नाहीं. पहिल्या दहा नोंदी ओबडधोबड होतील. अकरावींत जर 'पहिल्या पावसानें भिजलेली काळी माती' असें लिहिण्याचा प्रसंग आला, आणि तें वाचून दुसऱ्या एखाद्यानें त्याच बाटलींत तोच वास ओळखला, तर त्या दिवशीं एक शोध लागला असें खुशाल समजावें. आणि तो वास ओळखण्यासाठीं या बाटलीची गरजच नव्हती, पावसाची आणि नाकाची होती, असें ज्याला त्या वेळीं उमजेल, त्यानें पेला खालीं ठेवून अंगणांत जाऊन उभें राहिलें तरी त्याच्या रसिकतेंत रतिभर उणें येणार नाहीं.